शुक्रवारचा केक

"टीरा, अभिनंदन! शुक्रवारचा केक तुझा," रूबेन खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाला. "पण या वेळी बेकरीतला आण हं. मागच्या खेपेस घरी केला होतास, तो अजून माझ्या दाढेत अडकलाय."

टीरा नुकतीच कॉफीच्या खोलीतून परतली होती. तिच्या स्क्रीनवर मेलमागून मेल येऊन पडत होते, वृद्धसेवेतल्या सगळ्यांचे. कुणी टाळ्या पाठवल्या होत्या, कुणी बदाम चालत नाहीत म्हणून कळवलं होतं. स्वयंपाकघरातल्या बाईंनी तर दोन तुकडे आत्ताच राखून ठेवायला सांगितलं होतं.

"मी लॉक करून गेले होते," टीरा म्हणाली.

"सगळे हेच म्हणतात," कोपऱ्यातून योर्मा बोलला. योर्मा दिवसभरात मोजकंच बोलायचा, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्याला खाली पाडण्यासाठी असायचं.

केकची ही पद्धत त्यांची प्रमुख हेडविग हिने सुरू केली होती. जो कुणी स्क्रीन उघडी टाकून उठेल, त्याच्या खुर्चीत शेजाऱ्याने गुपचूप बसायचं आणि त्याच्याच नावाने सगळ्यांना मेल धाडायचा: शुक्रवारी केक मी आणतो. नोटीस नाही, बोलणी नाहीत, नुसता केक. ज्याने खोडी काढली त्याने कबूल करायचं नाही, हा नियम कुणी न सांगताच ठरून गेला होता. हेडविग बाहेरच्या बैठकांत याचा डंका पिटायची. आमच्याकडे कुणी लॉक करायला विसरत नाही म्हणायची, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

शिवाय सक्तीचा कोर्स झाला होताच. घाई करणारा मेल संशयास्पद, धमकी देणारा संशयास्पद, पैसे मागणारा तर हमखास संशयास्पद. शेवटच्या परीक्षेत टीराचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. केक देऊ करणाऱ्या मेलबद्दल मात्र कोर्समध्ये कुणी चकार शब्द काढला नव्हता.

हे ग्रानसेले नगरपालिकेचं अलार्म केंद्र. तीन टेबलं, आणि भिंतीवर एक मोठा पडदा, त्यावर हिरव्या अक्षरांत नावं. जंगलात, तळ्याकाठी, रस्ता संपतो तिथे एकेकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक बटण. बटण दाबलं की पडद्यावरचं नाव लाल होतं, त्या घरातल्या भिंतीवरची पेटी उघडते आणि या तिघांपैकी कुणीतरी विचारतं, काय झालं? बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. त्याच सकाळी एल्विराने बटण दाबलं होतं, कारण तिला शब्दकोड्यातलं एक उत्तर अडलं होतं. पण कधीतरी खरंच काहीतरी झालेलं असतं. फेब्रुवारीत, बाहेर उणे सव्वीस असताना, पायरीवर पडलेल्या माणसाला हाक मारायला दुसरं काही नसतं.

त्या पडद्यावर एक नाव आल्गोतचं होतं. टीराचे वडील, चौऱ्याऐंशीचे, नोरवीकेन तळ्याच्या पलीकडे एकटे राहायचे. बटणाला ते गाईच्या गळ्यातली घंटा म्हणायचे. शरद ऋतूत होडीच्या धक्क्यावर घसरून पडले तेव्हा कुठे त्यांनी ती घंटा गळ्यात घालून घेतली. तेव्हापासून टीराला रात्री झोप लागू लागली होती, आणि दिवसा ते नाव लाल झालं की ती हातातलं टाकून आधी तिथेच बोलायची.

ती हसत हसतच आपल्या नावाने गेलेला मेल वाचायला बसली. 'मी पुन्हा एकदा बावळटासारखी मशीन उघडी टाकून गेले. प्रायश्चित्त म्हणून शुक्रवारी केक. कुणाला काय चालत नाही, ते सोबतच्या यादीत भरा. तुमची विसरभोळी टीरा.'

"विसरभोळी टीरा! रूबेन, हे शब्द तुझेच," ती म्हणाली.

"शब्द माझे आहेत, पण मेल माझा नाही."

"हो, हो. आणि यादी कोरीच जोडलीस. वर पिवळी पट्टी येते, परवानगी द्या म्हणते. दिली, तर आत काहीच नाही."

"मीपण दिली," रूबेन म्हणाला. "मला वाटलं, यादी तू जोडलीस."

"माझ्याच शिक्षेची यादी मी कशाला जोडू?"

योर्माने मान वर केली. यादी त्यानेही उघडली होती.

टीराने जुने मेल शोधले. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला रूबेनने तिच्या मशीनवरून असाच केक जाहीर केला होता. तो मेल तिने उघडला आणि आजचा शेजारी ठेवला. मजकूर अक्षरन् अक्षर तोच होता. फक्त यादीचं वाक्य नवं होतं. इतक्या वर्षांत इतके केक झाले, कुणी कधी यादी जोडली नव्हती. रूबेन तर स्वतःच्या सुट्टीचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून भरून घ्यायचा.

तिचं हसू मावळलं. कुणीतरी तिची मेलची पेटी उघडून, सावकाश, एकेक मेल चाळत बसलं असावं. इथे कशाला हसतात, कशाला भुलतात, ते कुणीतरी शिकून घेतलं असावं. तिने कार्ड खाचेतून काढून हातात घेतलं. मशीन उघडायची तर हे कार्ड खाचेत घालावं लागतं, आणि काढलं की स्क्रीन आपोआप बंद. कॉफीच्या खोलीचं दारही याच कार्डाने उघडतं.

"मी कार्डाने दार उघडून कॉफीला गेले," ती म्हणाली. "म्हणजे कार्ड माझ्यापाशी होतं."

"दार मी उघडलं," योर्मा म्हणाला. "तू माझ्या मागून आलीस, बोलत बोलत."

ते खरं होतं. कार्ड तेव्हा गळ्यात होतं की खाचेत, ते तिला कितीही ताणून आठवेना. परत येताना तर दार आतून ढकललं की उघडतंच.

तिने आयटीच्या इसाकला फोन लावला. इसाक किनाऱ्यावरच्या शहरात बसायचा आणि तिथून चार नगरपालिकांची मशीनं सांभाळायचा.

"पुन्हा तुमचा केक का?" इसाक हसला. "मलाही आलाय मेल. मी उघडला नाही, मला साखर वर्ज्य आहे."

"इसाक, तो आमच्यापैकी कुणी पाठवला नसेल तर?"

कळफलकाचा खडखडाट ऐकू आला, मग थांबला. "टीरा, तुझ्या नावाने आत्ता आमच्या सर्व्हरवर कुणीतरी फिरतंय. तू आहेस का ती?"

"मी तुझ्याशी बोलतेय!"

"तुझी मशीन आपोआप काहीतरी करत असेल, असंही होतं कधीकधी. तपासायला तासभर हवा."

"आणि तसं नसेल तर?"

"तर तासाभरानंतर तपासायला काही उरणार नाही. खंडणीसाठी सगळं कुलूपबंद होईल, तुमचे अलार्मपण. नावं, पत्ते, औषधं, सगळं. परत कधी सुरू होईल ते मला विचारू नकोस. आठवडे जातात."

"मग लाइन तोड ना तू तिकडून."

"माझ्याकडून तुटत नाही. अलार्मची लाइन तुमच्या खोलीतल्या यंत्रांच्या कपाटातून जाते, ती निळी जाड केबल. शेजारचं केंद्र तुमची माणसं घेईल, पण तुम्ही तोडल्यावरच. आजारी लाइनला ते आपली लाइन जोडणार नाहीत. मीही जोडली नसती. सगळं तिकडे वळायला पाऊण-एक तास."

"तेवढ्यात कुणी बटण दाबलं तर?"

"कुणालाच ऐकू जाणार नाही. म्हणून तर ते हेडविगनेच ठरवायचं असतं."

हेडविग डोंगरात होती. शाळांना हिवाळी खेळांची सुट्टी लागली की अर्धं गाव स्की घेऊन डोंगरात जातं, आणि तिथे फोन लागत नाही. टीराने लावून पाहिला. लागला नाही.

ती उठून दोघांच्या मधोमध उभी राहिली. "ऐका. मी रागावणार नाही. वर्षभर दर शुक्रवारी केक मी आणीन, हवा तो, हवा तेवढा. पण तो मेल तुमच्यापैकी कुणी पाठवला असेल तर आत्ता सांगा. नाहीतर मला ही सगळी माणसं तोडावी लागतील. कळतंय का? एका केकपायी."

योर्माने नुसती नकारार्थी मान हलवली. रूबेन पांढराफटक पडला होता.

"रूबेन, मागच्या वेळी तू डोळ्यांत पाणी आणून खोटं बोलला होतास."

"बोललो होतो." त्याने दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले, जणू तिने ते तपासावेत. "आत्ता नाही बोलत. टीरा, मी असतो तर बरं झालं असतं."

तिला त्याच्या तोंडून कबुली हवी होती. आयुष्यात कुणाच्या खोटेपणासाठी ती इतकी आसुसली नव्हती. तो हसून म्हणाला असता, मीच ग, काय घाबरलीस, तर तिने त्याला मिठी मारली असती.

तिने वडिलांना फोन लावला. निदान त्यांना तरी सांगावं, तासभर घरातच बैस, कुठे जाऊ नकोस. नोरवीकेनच्या स्वयंपाकघरातला फोन वाजत राहिला. तो खिडकीजवळ, बाकाच्या वर टांगलेला असतो. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. झोपला असेल. कान कुठे धड आहेत त्याचे. लाकडं आणायला गेला असेल. प्रत्येक घंटेबरोबर ती एक नवं कारण शोधत होती आणि एकावरही तिचा विश्वास बसत नव्हता.

"घरसेवेची गाडी पाठव," योर्मा म्हणाला.

तळ्याच्या पलीकडच्या बाजूला एकच गाडी होती, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या मिर्यामची. टीरा तिचा नंबर काढत होती, तेवढ्यात रूबेनच्या मशीनवर टिंग वाजलं.

तिघेही खोलीच्या मधोमध उभे होते. कुणाचाही हात कळफलकावर नव्हता. टीराची स्क्रीन काळी होती, आणि कार्ड तिच्या मुठीत होतं, इतकं घट्ट की कडा तळव्यात रुतली होती.

रूबेन वाकला आणि त्याने मोठ्याने वाचलं. "'ज्यांनी यादी उघडलेली नाही, त्यांनी लवकर उघडा. नाहीतर तुकडा मिळणार नाही. तुमची विसरभोळी टीरा.'"

कुणीतरी तिच्या आवाजात बोलत होतं, आणि ती इथे गप्प उभी होती. तिला मागे वळून पाहावंसं वाटलं, खोलीत चौथं कुणी आहे का ते.

ती कपाटाशी गेली. आत बारीक हिरवे दिवे लुकलुकत होते. निळी केबल तिच्या मनगटाएवढी असेल असं तिला वाटलं होतं, पण ती साधी बोटाएवढी निघाली.

"आल्गोतला अजून एकदा लाव," रूबेन म्हणाला. "एक मिनिट. फक्त एकच मिनिट टीरा."

पडद्यावर वडिलांचं नाव हिरवं होतं. या घडीला ते बरे होते, किंवा निदान त्यांनी बटण दाबलं नव्हतं. आणि ते फोन उचलत नव्हते. दोन्ही गोष्टी तिला पुरत्या ठाऊक होत्या. टोकाची क्लिप दाबून तिने केबल उपसली.

पडदा काळा झाला. इतक्या वर्षांत तो कधी काळा झालेला तिने पाहिला नव्हता.

मग तिघांनी स्वतःचे मोबाईल काढले आणि ते घरसेवेतल्या एकेकीला फोन करत सुटले. तुझ्या वाटणीची माणसं आठव, प्रत्येकाला फोन कर, जो उचलणार नाही त्याच्या दारात जा. केबल तोडल्याचं इसाकने शेजारच्या केंद्राला कळवलं. तिथे कुणीतरी शांत आवाजात म्हणालं, सुरू केलंय, वाट पाहा.

मिर्याम लगेच फोनवर आली. "मी तळ्याच्या वळणावर आहे. कुणाकडे जाऊ आधी? एल्विरा फोन उचलत नाहीये, आणि तुझा पप्पापण."

एल्विरा नळी लावून प्राणवायूवर होती. आल्गोत नव्हते. दोघांची घरं विरुद्ध दिशांना होती. नियम असा होता की जो जास्त आजारी, त्याचं दार आधी. टीराने हा नियम इतरांना कितीदा ऐकवला होता, आणि कुरकुर करणाऱ्यांना कितीदा गप्प केलं होतं.

"एल्विराकडे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"नक्की ना?"

"जा ना मिर्याम! विचारत काय बसलीस?"

पुढचा वेळ कसा गेला, ते तिला नंतर नीट सांगता येईना. ती फोन करत होती, बोलत होती, कुणाला धीर देत होती. मधल्या प्रत्येक फटीत नोरवीकेनचा नंबर लावत होती. योर्माने तिच्यापुढे कॉफी ठेवली, ती तशीच गार झाली. रूबेन रडत होता आणि रडता रडता लोकांशी चांगलं खणखणीत बोलत होता.

मिर्यामचा फोन आला. "एल्विरा मजेत आहे. कोडं सोडवत होती, फोनवर उशी टाकून ठेवली होती महामायेने. आता तुझ्या पप्पाकडे निघते."

"सांभाळून," टीरा म्हणाली. तिला म्हणायचं होतं, गाडी सुसाट सोड.

त्यानंतर बऱ्याच वेळाने पुन्हा मिर्याम. तिला धाप लागली होती. "सापडलाय. लाकडांच्या छपरापाशी पडला होता, पाय वाकडा झालाय. जिवंत आहे, टीरा, ऐकतेस ना? जिवंत आहे. पण बोलत नाहीये धड. रुग्णवाहिका निघालीये. आणि ते बटण... त्याच्या मुठीत होतं. मला बोटं उघडावी लागली."

शेजारच्या केंद्राने सगळी माणसं ताब्यात घेतल्याचा निरोप त्याच सुमारास आला. टीराने तो ऐकला आणि फोन योर्माच्या हातात दिला.

पुढच्या दोन दिवसांत सगळं उलगडलं. इसाक म्हणाला, त्याच संध्याकाळी चारही नगरपालिकांची मशीनं एकदम बंद पडायची होती, यादी उघडलेल्या मशीनांतून सगळी तयारी झाली होती; टीराच्या फोनमुळे ती वेळेत थांबवता आली. टीराचा पासवर्ड कुठून आणि कधी गेला, ते मात्र कुणालाच सापडलं नाही. हेडविग डोंगरातून धावत आली, तिने टीराला छातीशी धरलं आणि म्हणाली, तू सगळ्यांना वाचवलंस. शुक्रवारी केक आला, हेडविगनेच आणला, हिरवा, वर साखरेचं गुलाबाचं फूल. त्यानंतर ही पद्धत बंद, असंही तिने जाहीर केलं. टीरा तिथे थांबली नाही.

आल्गोत इस्पितळात उशीला टेकून बसले होते. मांडीचं हाड जोडलं होतं. डाव्या हाताला जाड पट्टी होती. थंडीने गोठलेली दोन बोटं बहुतेक जातील, असं डॉक्टरीण दारातच सांगून गेली होती.

"मी दाबलं," ते म्हणाले. "पुन्हा दाबलं. एरवी पेटीतून कुणीतरी लगेच बोलतं. छपरापर्यंत ऐकू येतं, मी स्वयंपाकघराची खिडकी किलकिली ठेवतो त्यासाठी. या वेळी काहीच नाही. म्हटलं, तू कॉफीला गेलीस."

"मी तिथेच होते, पप्पा."

"मग?"

"केबल मीच काढली. मशीनमध्ये कुणीतरी शिरलं होतं. काढली नसती तर कुणाचंच बटण चाललं नसतं, कितीतरी दिवस." तिने श्वास घेतला. एवढंच सांगून थांबता आलं असतं. "तू फोन उचलत नाहीस, हे मला माहीत होतं. तरी काढली. आणि मिर्यामला मी आधी एल्विराकडे पाठवलं."

तिला वाटलं, आता ते तोंड फिरवतील. त्यांनी फिरवलं असतं, तरी तिने त्यांना दोष दिला नसता.

"एल्विरा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मजेत आहे."

"बरं." त्यांनी पट्टीतला हात उचलला, पाहिला आणि पुन्हा पांघरुणावर ठेवला. "तिथे पडल्यावर मला थंडीची एवढी भीती नाही वाटली. पेटी बोलली नाही ना, त्याची वाटली. वाटलं, पलीकडे तुलाच काहीतरी झालं. मी बटण तुझ्यासाठी दाबत होतो ग, शेवटी शेवटी. कुणीतरी जाऊन तुला बघावं म्हणून."

टीराने त्यांच्या उजव्या हाताची, शाबूत असलेली बोटं आपल्या हातात घेतली.